किनाऱ्यावरचा सायबर पहारा : मनुष्यबळाच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक संगणकीय विषाणूने २७ जून २०१७ रोजी मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील संगणक निकामी केले, आणि त्याची झळ थेट उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदराला लागली. जवाहरलाल नेहरू बंदर असे अधिकृत नाव असलेल्या या बंदरातील, मर्स्क समूहाकडून चालवले जाणारे कंटेनर टर्मिनल ठप्प झाले. कोणता कंटेनर कुठे रचला आहे आणि तो कोणत्या ट्रेलरवर चढवायचा आहे, हे संगणकालाच ठाऊक असते; ती माहिती गेली की क्रेन सुस्थितीत असूनही माल हलत नाही. न्हावा-शेव्याला कोणी लक्ष्य केले नव्हते, तरीही ही वेळ आली. अशा प्रसंगी बंदराचे काम आणि संगणकाचे जाळे, दोन्ही जाणणारी माणसे लागतात, आणि ती कोणी घडवायची हा प्रश्न त्याआधीपासूनच शासन, उद्योग आणि विद्यापीठे यांच्यामध्ये अडकून पडला होता.

या तिघांच्या सहकार्याचे एक जुने उदाहरण अमेरिकेत सापडते. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या संगणकीय प्रोग्रॅमने तेथील इंटरनेट विस्कळीत केल्यावर संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा हल्ल्यांसाठीचे प्रतिसाद केंद्र उभे केले. पुढे शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्याने पदवीनंतर काही काळ शासकीय सेवा करावी, अशी योजनाही तेथे आली.

भारतात मात्र तिघांनीही आपापली वाट स्वतंत्रपणे आखली. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये झाला, सायबर हल्ल्यांना प्रतिसाद देणारी केंद्र शासनाची संस्था सर्ट-इन २००४ मध्ये कार्यान्वित झाली, आणि २००५ पासून केंद्र शासनाने माहिती सुरक्षेचे शिक्षण व जागृती यांसाठीचा कार्यक्रम हाती घेतला. नॅसकॉम या माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या संघटनेने २००८ मध्ये डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडिया ही माहितीच्या सुरक्षेसाठीची संस्था स्थापन केली. २०१३ च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणाने पाच वर्षांत ५ लाख कुशल व्यक्ती तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले, तर नॅसकॉमच्या कृती दलाने २०१५ मध्ये २०२५ पर्यंत १० लाखांचे लक्ष्य मांडले. आकडे वाढत गेले. शिकलेल्या मुलाने पहिला खरा हल्ला कोणाच्या देखरेखीखाली हाताळायचा, हे त्या आकड्यांतून कळत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. शासन आणि उद्योग यांनी मिळून २०१८ मध्ये ‘सायबर सुरक्षित भारत’ हा उपक्रम सुरू केला, परंतु त्याचा भर सरकारी खात्यांतील अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणावर होता. विद्यापीठ अनुदान आयोगाचा पदवी व पदव्युत्तर स्तरावरील सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम तर ऑक्टोबर २०२२ मध्ये आला.

वास्तविक कोकण किनाऱ्याला शासन आणि उद्योग यांनी मिळून माणसे घडवण्याचा अनुभव जुना आहे. व्यापारी जहाजांवरील अधिकारीपदे ब्रिटिशांच्याच हाती असताना १९२३ मध्ये नेमलेल्या समितीने भारतीयांसाठी प्रशिक्षण नौकेची शिफारस केली, आणि १९२७ मध्ये मुंबई बंदरात ‘डफरिन’ ही नौका सुरू झाली. सरकारने नौका आणि शिक्षक दिले, शिंदिया स्टीम नॅव्हिगेशनसारख्या देशी कंपन्यांनी मुलांना आपल्या जहाजांवर घेतले. ‘डफरिन’ची जागा १९७२ मध्ये ‘राजेंद्र’ने आणि १९९३ मध्ये नेरूळजवळच्या ‘चाणक्य’ या किनाऱ्यावरील संस्थेने घेतली, पण एक अट कायम राहिली : वर्गात कितीही गुण मिळोत, ठरावीक काळ प्रत्यक्ष समुद्रावर काढल्याशिवाय अधिकाऱ्याला सक्षमतेचे प्रमाणपत्र मिळत नाही. त्यामुळे जहाज कंपनी ही त्या शिक्षणाची केवळ गिऱ्हाईक न राहता भागीदार झाली.

या व्यवस्थेला लागणारी सामग्री किनाऱ्यावर आजही आहे. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने रायगड जिल्ह्यातच लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. रत्नागिरीत फिनोलेक्स उद्योगसमूहाच्या पाठबळाने १९९६ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, म्हणजे कारखानदाराने शिक्षणात उतरण्याचा पायंडाही येथे आहे. तारापूरचा अणुवीज प्रकल्प, थळचा खत कारखाना आणि जयगडचे बंदर ही सारी संगणकीय नियंत्रणावर चालणारी ठिकाणे याच पट्ट्यात आहेत. राज्य शासनाने २०१६ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर प्रयोगशाळा सुरू केल्या, त्यांत कोकणातील जिल्हेही होते.

तरीही संगणक शाखेची पदवी घेतलेला येथील मुलगा नोकरीसाठी मुंबई किंवा पुण्याची वाट धरतो, जशी त्याच्या आजोबांनी गिरणीसाठी धरली होती. गावाजवळच्या बंदरात किंवा कारखान्यात सर्व्हरच्या नोंदी वाचण्याच्या रात्रपाळीला जाणत्या माणसाशेजारी बसण्याची शिकाऊ उमेदवारी त्याला क्वचितच मिळते. महाविद्यालयाच्या इंटर्नशिपचे काही आठवडे तिची जागा घेऊ शकत नाहीत, कारण कंपनी आपली चालू प्रणाली थोड्या दिवसांच्या पाहुण्याच्या हाती देत नाही, आणि तिने द्यावी अशी अपेक्षाही रास्त नाही. जहाजावरच्या कॅडेटला, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्याला, वरिष्ठाच्या जबाबदारीखाली जी पाळी मिळते, तिच्यासारखी दीर्घ मुदतीची पाळी सायबर सुरक्षेत कोणी द्यायची, तिचे विद्यावेतन कोणी सोसायचे आणि तिची नोंद पदवीत कशी धरायची, हे लोणेरे, न्हावा-शेवा आणि मंत्रालय यांनी एकत्र बसून ठरवण्याचे काम आहे.