रडू नका, ते प्रभूकडे गेले

मराठी ख्रिस्ती घरात कुणी गेलं की सांत्वनाच्या प्रार्थनेला आलेल्यांपैकी कुणीतरी हटकून म्हणतं, "रडू नका, ते प्रभूकडे गेले." म्हणणाऱ्याच्या पोटात मायाच असते. पण ज्याचं माणूस गेलं त्याला ते कधीकधी दटावणीसारखं लागतं. रडलो म्हणजे आपला विश्वास कमी पडला की काय? नाईन गावातल्या विधवेला येशू "रडू नकोस" म्हणाला हे खरं, पण त्याने लगेच तिचा मेलेला मुलगा उठवून तिच्या हवाली केला. आपल्याला ते जमत नाही.

बायबलच्या जुन्या करारातले भक्त तर देवापुढे मोकळेपणाने ओरडतात. दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. बहुतेकांच्या शेवटी आशेची ओळ येते. 88वं स्तोत्र मात्र अंधारातच संपतं, आणि तरीही ते संग्रहातून कुणी काढून टाकलं नाही. इ.स.पू. 586च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं, त्या आकांतातून विलापगीत हे जुन्या करारातलं पुस्तक आलं. त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. पहिल्या चार अध्यायांत वचनांच्या सुरुवातीला हिब्रू वर्णमालेची 22 अक्षरं ओळीने येतात, जणू दुःख पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बोलून संपवायचं आहे. तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षर तीनदा येतं, म्हणून त्याची 66 वचनं. देवाची दया रोज सकाळी नवी होते, हे प्रसिद्ध वचन इथलंच, पुस्तकाच्या ऐन मध्यातलं. पाचव्या अध्यायात वचनं 22च, पण अक्षरांचा क्रम मोडलेला, आणि शेवट "तू आम्हाला कायमचं टाकलंस का?" या धास्तीवर. हे वाचन इतक्या कडू ओळीवर थांबू नये म्हणून यहुदी लोक सभास्थानात त्याआधीचं वचन पुन्हा म्हणतात.

नव्या करारात लाजर वारल्यावर मार्था आणि मरीया या दोघी बहिणी येशूला एकच बोल लावतात: तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. तो त्यांना गप्प करत नाही. भावाला आपण उठवणार हे ठाऊक असूनही तिथे दोन शब्दांचं वचन येतं, "येशू रडला." पुढे वधस्तंभावर त्याच्या तोंडी 22व्या स्तोत्राची पहिली ओळ आली, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?"

मग 'रडू नका' आलं कुठून? इ.स. 50च्या सुमारास प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या थेस्सलनीकाच्या मंडळीला पत्र लिहिलं. प्रभू लवकरच परत येणार अशी त्यांची अपेक्षा होती, आणि मध्येच त्यांची माणसं मरू लागली. पौलाने त्यांना समजावलं की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखं दुःख करू नका. वाक्याचा पहिला भाग गळला की राहतं ते फक्त 'दुःख करू नका'. मेलेल्यांना तो 'झोपी गेलेले' म्हणतो. 'झोपणे' याच ग्रीक धातूपासून निजण्याच्या जागेचा शब्द झाला, आणि तोच पुढे इंग्रजीत 'सिमेट्री' बनला.

तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये मोठी साथ आली. बिशप सिप्रियनने लोकांना सांगितलं, आपली माणसं पुढे गेली आहेत, त्यांच्यासाठी काळे कपडे घालू नका. बोलणारा स्वतः 258 मध्ये विश्वासापायी मारला गेला, त्यामुळे हा कोरडा उपदेश नव्हता. तरी त्या काळच्या तत्त्वज्ञांचा 'शोक आवरणं म्हणजे शहाणपण' हा विचार त्याला जवळचा वाटला असावा.

मोकळेपणाने रडणं आणि शोक आवरणं, या दोन प्रवाहांची ओढाताण सर्वांत प्रामाणिकपणे मांडली ती पुढे बिशप झालेल्या ऑगस्टीनने. 387 मध्ये आफ्रिकेला परतताना ऑस्टिया बंदरात त्याची आई मोनिका वारली. तिने शेवटचा श्वास घेतला तसा आदेओदातुस, ऑगस्टीनचा मुलगा, हंबरडा फोडून रडू लागला. मोठ्यांनी त्याला गप्प केलं आणि स्तोत्र म्हणायला घेतलं. ऑगस्टीनने डोळे कोरडे ठेवले. अंघोळीने मनाचा भार उतरतो असं ऐकून तो स्नानालाही गेला, काही उतरलं नाही. झोपून उठल्यावर मिलानचा बिशप अँब्रोज याच्या गीताच्या काही ओळी आठवल्या आणि अडवून धरलेलं रडू बाहेर पडलं. पुढे हे लिहिताना तो वाचकाला सांगतो की यात पाप दिसलं तर हसू नका, माझ्यासाठी रडा. मला त्या सगळ्या खोलीत खरा वागला तो आदेओदातुसच वाटतो.

आपल्याकडे या सगळ्याशी नातं सांगणारं आयुष्य पंडिता रमाबाईंचं. दुष्काळात 1874च्या आसपास आईवडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पटकीने नवरा. बाप्तिस्मा झाला 1883 मध्ये, इंग्लंडात वाँटेजला, म्हणजे या सगळ्या मृत्यूंनंतर. श्रद्धेने त्यांना पुढच्या घावापासूनही वाचवलं नाही. 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली आणि 5 एप्रिल 1922 रोजी केडगावला त्या स्वतः. शेवटच्या वर्षांत त्या बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणत होत्या. त्यात विलापगीतही होतं.