गोदेच्या पुराच्या वह्या आणि त्या लिहिणारा आमचा वर्गमित्र

जुन्या नाशकातील आमच्या शाळेच्या एका वर्गाने येत्या पावसाळ्यापूर्वी एक काम हाती घेतले आहे. गेल्या वर्षी निवर्तलेल्या आमच्या वर्गमित्राने शाळकरी वयापासून लिहिलेल्या पुराच्या वह्यांतील नोंदी ज्या पायऱ्यांना, भिंतींना आणि देवळांच्या जोत्यांना बांधलेल्या आहेत, त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन त्या पुन्हा मोजून घ्यायच्या आहेत. त्याच्या शोकसभेत त्याच्या सज्जनपणाबद्दल, मदतीला धावून जाण्याबद्दल पुष्कळ बोलले गेले आणि ते सगळे खरेच होते. मात्र या वह्यांचा उल्लेख तिथे ओझरताच झाला. त्यांना सुरुवात कशी झाली, त्यांत नेमके काय आहे आणि आताच मोजण्याची घाई का, हे कामात सहभागी होणाऱ्यांना ठाऊक असावे, म्हणून हे टिपण.

गोष्ट 1969 च्या महापुरापासून सुरू होते. तेव्हा आम्ही पाचवीत होतो. त्याचे घर भांडी बाजाराकडून नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात, जुन्या वाड्यात होते. गंगापूर धरण त्यापूर्वी चारच वर्षांनी, 1965 मध्ये पूर्ण झाले होते आणि आता गंगेला पूर्वीसारखे पूर यायचे नाहीत, असे वडीलधारी मंडळी म्हणत असत. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. त्या वर्षी पाणी वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत शिरले, ओसरी बुडाली, आणि घरातली सगळी माणसे धान्याच्या कोठ्या तशाच सोडून माडीवर जाऊन बसली. पाणी ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची आडवी रेघ उरली होती. वाड्याला चुना देण्याआधी त्याच्या आजोबांनी ती रेघ गेरूने आखून घेतली आणि नातवाला सांगितले की पुढे पाणी आले तर इथून किती खाली राहिले ते बघत जा. आजोबांचे हे सांगणे त्याने आयुष्यभर पाळले.

आजोबांनी सांगितले ते नाशकात नवीन नव्हते. या शहराला पाण्याची पातळी फुटांत सांगायची सवयच नव्हती, ती देवांच्या अंगाखांद्यावरून सांगितली जाई आणि आजही सांगितली जाते. रामकुंडाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पाणी मारुतीच्या पायाला लागले, गुडघ्याला आले, कमरेला आले, छातीपर्यंत चढले, असे म्हटले की काठावरच्या टपरीवाल्यापासून सराफापर्यंत प्रत्येकाला आपण काय आवरायचे ते कळते. त्याच्याही वर, पंचवटीच्या काठावर 1747 साली बांधलेले नारोशंकराचे मंदिर आहे. तिथली मोठी घंटा चिमाजी आप्पांच्या 1739 च्या वसईच्या विजयातून आलेली मानली जाते. घंटेला पाणी लागले तरच तो महापूर, अशी जुन्या लोकांची मोजणी. देवळे, पायऱ्या आणि पटांगणे यांनी बनलेली ही मोजपट्टी अडाणी नव्हती. रात्री कंदिलाच्या उजेडातही वाचता येईल आणि ज्याला आकडे येत नाहीत त्यालाही समजेल, अशी ती होती. तिचा दोष एवढाच की पूर ओसरला की तिचे वाचन कोणी लिहून ठेवत नसे.

आमच्या मित्राने ते लिहायला घेतले. पहिली वही शाळेची दुरेघी आहे. तिच्यात तारीख, वेळ, ठिकाण, पाणी कुठवर, आकाश कसे, असे रकाने शिसपेन्सिलीने आखलेले आहेत. वाड्याच्या बाहेरची कितवी पायरी बुडाली ते तो लिही आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये पाणी असेल तर वीत लावून मोजी. वाढत्या वयाच्या मुलाची वीत दरवर्षी बदलते, हे त्याच्या लवकरच ध्यानात आले असावे, कारण सातवीपासून प्रत्येक पावसाळ्याच्या पहिल्या पानावर, डोक्याशी, त्या वर्षीच्या त्याच्या विताची लांबी इंचांत लिहिलेली सापडते. त्या पानांकडे पाहताना मला नेहमी वाटते की त्याचा पिंड इथेच दिसतो. मोजमाप करणाऱ्याने आधी आपले माप तपासायला हवे, हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

पुढे तो सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात स्टोअरकीपर झाला आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिला. त्या काळी आमच्या वर्गातली निम्मी मुले सातपूर, अंबड, ओझरचा विमान कारखाना किंवा नाशिकरोडचे छापखाने यांच्यापैकी कुठे ना कुठे चिकटली. तीर्थक्षेत्राचे शहर कारखान्यांचे होत होते आणि आमची पिढी त्या बदलाबरोबर मोठी झाली. त्याच्या नोकरीबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही, आणि त्यालाही ते तसेच वाटे. बिन कार्डावर, म्हणजे मालाच्या खणाला लावलेल्या नोंदपत्रावर, आवक-जावक लिहिण्याची शिस्त मात्र पुराच्या वह्यांत उतरली. त्यानंतरच्या नोंदींत खाडाखोड नाही. चूक झाली तर एक रेघ मारून, खाली तारीख घालून, दुरुस्ती केलेली आहे.

त्या वह्यांचे खरे मोल मला वाटते ते वेगळ्याच गोष्टीत आहे. सराफ बाजारात पाणी शिरले म्हणजे गंगेला पूर आला, असे सगळे धरून चालतात. त्याने या पाण्याचे दोन प्रकार कायम वेगळे लिहिले. एक नदीचे पाणी. ते गंगापूर धरणातून सोडल्यावर काही वेळाने रामकुंडाशी पोहोचते, सावकाश चढते आणि सावकाश उतरते. दुसरे सरस्वती नाल्याचे. दहीपुलाखालून सराफ बाजाराकडे येणारा हा ओहोळ आता वरून झाकला गेला आहे आणि शहरात तासाभरात जोराचा पाऊस पडला की त्याचे पाणी रस्त्यावर येते. त्या वेळी नदी पात्रातच असते, मारुतीचे पायही कोरडे असतात, तरी दुकानांत गुडघाभर पाणी साचते. म्हणून त्याच्या वहीत सराफ बाजारातील पाण्यापुढे नेहमी ‘नदी’ किंवा ‘नाला’ असा शब्द येतो. या दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, कारण नाल्याच्या तुंबण्याला धरणाच्या विसर्गाचे नियोजन उपयोगाचे नाही आणि नदीच्या पुराला गटारे साफ करणे पुरेसे नाही. एवढी साधी गोष्ट दरवर्षी नव्याने सांगावी लागते, याचे त्याला मनापासून दुःख होत असे.

नदीच्या पाण्याबद्दलही त्याने स्वतःची समज घडवली होती. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि त्या डोंगराळ पट्ट्यात नाशिक शहरापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो. त्यामुळे शहरात नुसती भुरभुर असताना गंगा चढू शकते. शिवाय धरणाच्या खाली आळंदी नदीसारखे प्रवाह गोदेला मिळतात, म्हणून धरणातून सोडलेले पाणी आणि शहरातल्या होळकर पुलाखालून वाहणारे पाणी हे आकडे कधीच सारखे नसतात. वृत्तपत्रांत क्युसेकचे आकडे छापून येऊ लागले तेव्हा त्याने वहीत आणखी दोन रकाने वाढवले, एक धरणाच्या विसर्गाचा आणि दुसरा पुलाचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर. हे आकडे मारुतीच्या गुडघ्याशी आणि कमरेशी जोडून पाहण्याचा उद्योग त्याने वर्षानुवर्षे केला. बाजारातल्या माणसाला हजारांतला आकडा कळत नाही आणि अभियंत्याला मारुतीची कंबर पुरत नाही. त्या दोघांना एकमेकांचे बोलणे कळावे, असे तो म्हणत असे.

सप्टेंबर 2008 चा पूर हा त्याच्या नोंदींतला सर्वांत सविस्तर भाग आहे. त्या दिवशी त्याने रजा टाकली आणि पहाटेपासून पाणी उतरेपर्यंत ठरावीक अंतराने, तीन ठिकाणी फिरून नोंदी केल्या. भांडी बाजारात दुकान असलेल्या आमच्या दोन वर्गमित्रांना त्याचा फोन आधीच गेला होता. “मारुतीच्या कमरेवर चाललंय, खालचा माल वर घ्या, संध्याकाळची वाट बघू नका,” एवढेच तो बोलला होता. त्या दोघांचा बराचसा माल त्यामुळे वाचला, ही गोष्ट शोकसभेत त्यांनीच सांगितली. या पुरानंतर नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखण्याचा विषय पुढे आला. सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची रेषा निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची लाल. त्या रेषांवरून घरमालक, बांधकाम व्यावसायिक आणि शासकीय यंत्रणा यांच्यात मोठे वाद झाले. आमचा मित्र कोणत्याच बाजूने बोलायला गेला नाही. मला तेव्हा ते पटले नव्हते आणि आजही पटत नाही. त्याच्याकडे जे होते ते त्याने पुढे मांडायला हवे होते. आपली मोजणी हौशी आहे, तिच्यावर कोणाच्या घराचे भवितव्य ठरू नये, ही त्याची भूमिका होती. ऑगस्ट 2016 आणि ऑगस्ट 2019 च्या पुरांच्या नोंदीही वह्यांत आहेत, 2019 च्या मात्र थोडक्यात, कारण तोवर त्याची प्रकृती बिघडू लागली होती.

मधल्या काळात त्याचा वाडा पाडला गेला. भावकीत वाटण्या झाल्या, भिंती मोडकळीला आल्या होत्या, आणि जागी इमारत उभी राहणार हे ठरले. आजोबांची गेरूची रेघ असलेली भिंतही जाणार होती. गवंडी पातळी काढायला वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी त्याने आणली. तिचे एक टोक रेघेशी धरायला मला उभे केले आणि दुसरे टोक घेऊन तो बोळ ओलांडून समोरच्या लहान देवळापाशी गेला. नळीतले पाणी डुलायचे थांबेपर्यंत तो काही न बोलता थांबला, मग देवळाच्या दगडी भिंतीवर छिन्नीने बोटभर लांबीची खूण केली. परवानगी त्याने आधीच घेतली होती. जोत्यापासून ती खूण किती उंच, हे वहीत लिहिले आहे. 1969 ची ती रेघ आज तेवढीच आणि तिथेच उरली आहे.

घाट मात्र असा हलवता येत नाही. रामकुंड 1696 मध्ये बांधले गेल्याचे 1883 च्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे, आणि त्याच्या आसपास लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, सीताकुंड, अहिल्याकुंड, दशाश्वमेध कुंड अशी कुंडांची मालिका होती. 2003 च्या सिंहस्थाच्या सुमारास नदीपात्रात तळाला काँक्रीट ओतले गेले, काही कुंडे त्याखाली गेली आणि जुन्या पायऱ्यांच्या खालच्या ओळी दिसेनाशा झाल्या. पुढे हा विषय न्यायालयात गेला आणि काही भागांतले काँक्रीट काढण्याचे कामही झाले. नदीच्या तळाशी असलेल्या झऱ्यांबद्दल, भाविकांच्या सोयीबद्दल पुष्कळ चर्चा झाली आहे आणि ती व्हायलाच हवी. आमच्या मित्राची अडचण मात्र त्याच्यापुरती नेमकी होती. खालून सातवी पायरी असे त्याने 1978 मध्ये लिहिले असेल तर ती सातवी कोणती, हे 2003 नंतर कसे सांगायचे? त्यावर त्याने उपाय काढला तो वरून मोजण्याचा. घाटाची वरची कड, पुलाचा दगडी खांब, मंदिरांची जोती, अशा न हलणाऱ्या खुणांपासून खाली मोजून त्याने जुन्या नोंदींपैकी निम्म्याहून अधिक पुन्हा बसवल्या. उरलेल्या तशाच राहून गेल्या.

शेवटच्या पावसाळ्यात त्याला घराबाहेर पडता येत नव्हते. त्या वर्षीच्या नोंदी त्याच्या लेकीच्या हाताच्या आहेत. ती होळकर पुलावर जाऊन फोनवरून सांगे, तो घरून प्रश्न विचारी, आणि घरी परतल्यावर ती लिही. त्याच्या दशक्रियेला आम्ही रामकुंडावर जमलो होतो. क्षेत्रोपाध्यायांच्या नामावळीत त्याच्या घराण्याच्या पिढ्यांखाली त्याचे नाव लिहिले गेले. मूळचे निफाडकडचे हे कुटुंब, आणि पणजोबा अस्थी घेऊन आले होते त्याचीही नोंद त्याच नामावळीत निघाली. लिहून ठेवण्याची ही परंपरा या घाटावर किती जुनी आहे, याचे तिथे उभ्या असलेल्या आम्हा सर्वांना फार बरे वाटले.

आता 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. घाटांची, पुलांची, रस्त्यांची कामे होतील आणि लाखो भाविकांसाठी ती आवश्यकही आहेत. परंतु त्यांत पायऱ्या बदलल्या, नवे दगड बसले, घाटाची कड उचलली गेली, तर ज्या नोंदी अजून न हलणाऱ्या खुणांना बांधलेल्या नाहीत त्या कायमच्या निरर्थक होतील. म्हणून कामे सुरू होण्याआधी प्रत्येक नोंदीची जागा शोधून तिची उंची समुद्रसपाटीपासून किती, हे ठरवायचे आहे. आमच्याच वर्गातला एक जण सर्वेक्षणाच्या कामात आयुष्य घालवून निवृत्त झाला आहे आणि यंत्र लावण्याची जबाबदारी त्याने घेतली आहे. वह्यांच्या छायाप्रती काढून झाल्या असून मूळ वह्या मित्राच्या लेकीकडेच राहतील. सुरुवात पंचवटीच्या बाजूने, नारोशंकराच्या मंदिरापासून करायची आणि मग पूल ओलांडून सराफ बाजारात यायचे, असे ठरले आहे. भांडी बाजार, दहीपूल, कापड बाजार किंवा गंगाकाठच्या पटांगणांलगत ज्यांची जुनी घरे आहेत आणि ज्यांच्या भिंतीवर, खांबावर वा दाराच्या चौकटीवर 1969 ची किंवा 2008 ची पाण्याची खूण अजून शिल्लक आहे, त्यांनी रंगकामापूर्वी ती आम्हाला दाखवावी. तीही मोजून, त्या घराच्या नावाने, त्याच वह्यांच्या पुढच्या पानांवर लिहिली जाईल.