स्टेपर मोटरला किती व्होल्ट? वादामागची पार्श्वभूमी

हिंगणा एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपमध्ये दारांवर नक्षी कोरणारे सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने चालणारी कोरीवकामाची यंत्रं) आले, आणि त्यांच्या स्टेपर मोटरना, म्हणजे ठरावीक छोट्या पावलांनी (स्टेपने) फिरणाऱ्या मोटरना, सप्लाय 24 व्होल्टचा घ्यायचा, 36 चा की 48 चा, हा वादही आला.

जुन्या ड्रायव्हरमध्ये (मोटरला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये) करंट रोखायला कॉइलच्या रेझिस्टन्सशिवाय काही नव्हतं. त्यामुळे मोटरच्या प्लेटवर छापलेले व्होल्ट तेच सप्लायचे व्होल्ट. वेग हवा असेल तर सप्लाय वाढवून मालिकेत रेझिस्टर जोडायचा; वीज त्या रेझिस्टरच्या उष्णतेतच जायची. पुढे करंट ठरावीक मर्यादेला कापणारे चॉपर ड्रायव्हर आले आणि प्लेटवरच्या आकड्याचा सप्लायशी संबंध उरला नाही. तरीही 2.8 व्होल्टच्या मोटरला 24 व्होल्ट लावायचे म्हटलं की नवख्याच्या पोटात आजही गोळा येतो.

एक नेहमीची नेमा 17 (हे मोटरच्या तोंडाचं ठरलेलं माप) मोटर घेऊ: करंट 1.68 अँपिअर, इंडक्टन्स (करंटच्या बदलाला कॉइल करते तो विरोध) 3.2 मिलिहेन्री. 12 व्होल्टवर करंट पूर्ण चढायला सुमारे 0.45 मिलिसेकंद लागतात, 24 वर त्याच्या निम्मे. मिनिटाला 600 फेऱ्यांच्या वेगात एका पूर्ण स्टेपला जेमतेम 0.5 मिलिसेकंद मिळतात. बॅक ईएमएफ (फिरती मोटर स्वतःच निर्माण करते ते उलटं व्होल्टेज) धरला तर 12 व्होल्टवर टॉर्क (फिरवण्याची ताकद) कोसळणारच. थ्रीडी प्रिंटरही 12 वरून 24 वर आले. तिथे गरम होणाऱ्या बेडचा करंट निम्म्यावर येणं हेही कारण होतं.

खरा तंटा आहे तो सप्लायचे जास्तीत जास्त व्होल्ट काढायच्या सूत्राचा. मिलिहेन्रीतल्या इंडक्टन्सचं वर्गमूळ काढून 32 ने गुणायचं. वरच्या मोटरला सुमारे 57 व्होल्ट येतात. ही कमाल मर्यादा आहे, पण बरेच जण तिलाच शिफारस समजून बसतात. व्होल्टेज वाढलं की करंटचा चढउतार वाढतो आणि मोटरचा गाभा तापतो. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या आसपास असताना पत्र्याच्या शेडमधली मोटर आधीच तापलेली असते. इथे त्या मर्यादेच्या बरंच खाली राहणंच शहाणपणाचं.

शिवाय ड्रायव्हरचीही मर्यादा असते. डीएम542 या ड्रायव्हरला 50 व्होल्ट चालतात म्हणून 48 चा एसएमपीएस (ठरावीक डीसी व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय) लावला, तर जड गँट्री (राउटरचा सरकणारा आडवा सांगाडा) अचानक थांबताना मोटर उलट वीज ढकलते आणि ती सीमा ओलांडली जाऊ शकते. त्याला 36 चा एसएमपीएस पुरतो. 36 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मात्र वेगळा: त्याचे 36 व्होल्ट एसी असतात; रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) आणि कपॅसिटरनंतर विनालोड त्याचे जवळपास 50 व्होल्ट डीसी होतात, आणि मेन्स 230 च्या वर गेली की त्याहूनही जास्त.