मूरिंगवरच्या बोटीचं बूड: तांब्याच्या पत्र्यापासून आजच्या रंगापर्यंत

गेटवेसमोर मूरिंगवर, म्हणजे तळाला पक्क्या केलेल्या साखळीला बांधून, छोट्या शिडाच्या बोटी उभ्या असतात त्या वरून कितीही चकाचक दिसू देत, खरी भानगड पाण्याखाली असते. आधी बुळबुळीत थर, मग शेवाळ, मग बार्नेकल, म्हणजे घट्ट चिकटून बसणारे कवचवाले जीव. फिरत्या बोटीपेक्षा उभ्या बोटीला हे जास्त धरतं, कारण अळ्यांना चिकटायला निवांत वेळ मिळतो. इंग्लंडात थंडीत तरी याचा जोर ओसरतो, आपल्याकडे पाणी बारा महिने कोमट, म्हणजे सुट्टी नाहीच.

लाकडी जहाजांच्या काळात शेवाळ परवडलं पण टेरेडो नको अशी स्थिती होती. हा शिंपल्यांच्या कुळातला प्राणी फळी आतून पोखरतो, वरून लाकूड धड दिसतं आणि आत चाळण. आपल्या किनाऱ्यावर उपाय दोनच, बुडाला तेल नाहीतर चुना-चरबीचा लेप आणि होडी अधूनमधून कोरडी करणं. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो, त्यामुळे होडी ओहोटीला कलती ठेवायची आणि पाणी परत चढायच्या आत खरवडून घ्यायची. याच भरतीच्या जोरावर 1750 च्या सुमारास इथे ड्राय डॉक (पाणी काढून जहाज कोरडं करता येणारी गोदी) झाला, आणि 1736 मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी वाडियांच्या घराण्याने पुढे तिथे ब्रिटिश नौदलासाठी सागवानी जहाजं बांधली. 1817 ची 'त्रिंकोमाली' अजून इंग्लंडात तरंगतेय.

तोपर्यंत नौदलात तांबं आलं होतं. 1761 मध्ये 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकून बघितला, टेरेडो लागला नाही, शेवाळही कमी, पण लोखंडी खिळे पार खाल्ले गेले. खारं पाणी आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की बॅटरीच तयार होते, हे तेव्हा कुणाला नीट माहीत नव्हतं. मग 1824 मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने तेच तत्त्व उलटं वापरलं, तांब्याला लोखंडाचे नाहीतर जस्ताचे तुकडे जोडले म्हणजे झिजायचं ते झिजतील आणि तांबं वाचेल. आणि वाचलंच! फक्त तांबं विरघळायचं थांबलं म्हणून बार्नेकल मजेत वाढायला लागले, कारण विरघळणारं तांबं हेच तर विष होतं. नौदलाने तो नाद सोडला. डेव्हीची आयडिया मात्र वाया गेली नाही, आज इंजिनवाल्या बोटीच्या शाफ्टला, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याला, जस्ताचा तुकडा लावतात तो त्याचाच.

पत्रा गेला, रंग आला. 1960 नंतर कथिलाचं संयुग घातलेला टीबीटी रंग निघाला, इतका भारी की शेवाळ जवळ फिरकेना, पण फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीत कालवांची वाट लागली आणि 1982 मध्ये तिथे छोट्या बोटींवर त्याला बंदी आली. जगभरची बंदी लागू व्हायला 2008 उजाडलं. म्हणजे फिरून परत तांब्यावरच, आता क्युप्रस ऑक्साइडच्या रूपात. छोट्या बोटीला हळूहळू झिजणारा रंग मला जास्त पटतो, वरचा थर गेला की खालचं ताजं तांबं उघडं पडतं, फक्त ॲल्युमिनियमच्या बोटीला चुकूनही तांब्याचा रंग लावू नका, अलार्मच्या खिळ्यांचं झालं तेच होईल.

बाकी अर्धं काम आपल्याकडे पावसाळाच करून टाकतो. कोळी होड्या वर ओढून शाकारतात तशाच शिडाच्या बोटीही मे अखेरीस बाहेर काढतात, बूड खरवडून नवा रंग देतात. मूरिंगची चेन मात्र बऱ्याचदा खालीच राहते आणि तिचे शॅकल, म्हणजे जोडकड्या, झिजत असतात, त्यामुळे सीझनला बोट बांधायच्या आधी चेन वर ओढून बघून घ्या.