हनुवटीचं इम्प्लांट दर दहा वर्षांनी बदलावं लागतं का?

'हनुवटीत बसवलेलं इम्प्लांट दहा वर्षांत खराब होतं, मग पुन्हा ऑपरेशन' असा मेसेज बरीच वर्षं फिरतो आहे. तो खरा नाही. (हनुवटी उठून दिसावी म्हणून आत बसवलेला कृत्रिम तुकडा म्हणजे हे इम्प्लांट.)

हा समज बहुधा स्तनांच्या इम्प्लांटवरून आला असावा. त्यात पातळ आवरणाच्या आत जेल किंवा मिठाचं पाणी असतं, आवरण फाटू शकतं. हनुवटीचं सिलिकॉनचं इम्प्लांट मात्र घट्ट आणि सलग असतं, खोडरबरासारखं. आत द्रव नसल्याने गळण्याचा प्रश्नच येत नाही. शरीर त्याभोवती पातळ पापुद्रा तयार करतं आणि इम्प्लांट वर्षानुवर्षं तिथेच राहू शकतं.

म्हणजे ते कधीच काढावं लागत नाही, असंही नाही. जंतुसंसर्ग झाला, ते सरकलं किंवा त्याच्या दाबाने खालचं हाड जास्त झिजलं, तर काढावं लागतं. पण ते कारण पाहून ठरतं, कॅलेंडर पाहून नव्हे. हाडाची झीज बाजूने काढलेल्या एक्स-रेत किंवा सीटी स्कॅनमध्ये कळते.

ऑपरेशन आधीच झालं असेल तर फाइलमधलं इम्प्लांटचं स्टिकर शोधा. त्यावर कंपनी, मॉडेल आणि लॉट नंबर असतो. त्यावरून त्या मॉडेलचं माहितीपत्रक मिळवून वाचा. स्टिकरवरची 'एक्स्पायरी' बंद पाकिटाच्या निर्जंतुकपणाची असते, शरीरातल्या आयुष्याची नव्हे; घोळ बऱ्याचदा इथेच होतो. नव्याने सूज, लाली, दुखणं किंवा खालच्या ओठाला बधिरपणा जाणवला, तर कितीही वर्षं झालेली असोत, सर्जनला लगेच दाखवा.