‘जे आहे जेथे आहे’: बँकांच्या ई-लिलावातल्या तीन शब्दप्रयोगांची पार्श्वभूमी

मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर मुंगीच्या अक्षरांत छापलेल्या लिलावाच्या नोटिसा असतात. त्यांत कर्जदाराचं नाव, थकबाकी, फ्लॅटचं वर्णन, राखीव किंमत आणि ‘इअर’, म्हणजे इसारा अनामत रक्कम, इतकं झालं की एक ठरलेलं वाक्य येतं: सदर मालमत्ता “जे आहे जेथे आहे”, “जे आहे जसे आहे” आणि “जे काही आहे तेथे आहे” तत्त्वाने विकण्यात येईल. पहिल्या दोन तुकड्यांचा अर्थ ओढूनताणून का होईना, लागतो. तिसऱ्याचा मराठीत काहीच लागत नाही, कारण तो इंग्रजी मसुद्यावरून शब्दाला शब्द ठेवून आलेला आहे. हेच वाक्य पुढे लिलावाच्या पोर्टलवरही चिकटतं. त्याच्याच आसपास आणखी एक ओळ असते: ‘तारण धनकोस ज्ञात बोजा: नाही’ किंवा ‘ज्ञात नाही’. तारण धनको म्हणजे मालमत्ता तारण ठेवून घेऊन कर्ज देणारी बँक, आणि बोजा म्हणजे त्या मालमत्तेवरचं दुसऱ्या कोणाचं देणं किंवा हक्क. ई-लिलावात फसगत झाल्याच्या बहुतेक तक्रारी या दोन ओळींच्या मधल्या जागेत सापडतात.

जुनी पद्धत थोडक्यात. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश २१ हा कोर्टाच्या लिलावांचा पाया. बेलिफाने दवंडी पिटायची, जाहीरनामा चिकटवायचा. नियम ६६ नुसार त्या जाहीरनाम्यात मालमत्ता, तिच्यावरचा बोजा आणि खरेदीदाराला तिचं स्वरूप व किंमत ठरवण्यासाठी न्यायालयाला महत्त्वाची वाटेल अशी प्रत्येक गोष्ट शक्य तितकी अचूक लिहायची. ऋणकोचा त्या मालमत्तेत विकण्याजोगा हक्कच नव्हता असं निघालं, तर नियम ९१ खाली खरेदीदार लिलाव रद्द करून मागू शकतो आणि नियम ९३ खाली पैसे परत घेऊ शकतो. पंचवीस टक्के लगेच आणि उरलेले पंधरा दिवसांत, हा हिशेबही तिथलाच.

कोर्टात न जाता तारण विकून वसुली करायची मुभा बँकांना देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याने आणि त्याच वर्षीच्या नियमांनी हा साचा उचलला, पण दोन ठिकाणी तो वाकवला. संहितेत ‘न्यायालयाला महत्त्वाची वाटेल ती गोष्ट’ होती. नव्या नियम ८(६) मध्ये त्या जागी प्राधिकृत अधिकारी आला. तो वसुली करणाऱ्या बँकेचाच माणूस. खरेदीदाराला काय सांगायचं हे तिऱ्हाइताऐवजी आता विकणाराच ठरवतो. दुसरा बदल त्याहून बारीक आहे. बोजाचा तपशील द्यायचा, पण ‘तारण धनकोला ज्ञात असलेला’. लिलावाआधी नव्याने शोध घ्या, सोसायटीला पत्र लिहा, वीज कंपनीकडे चौकशी करा, असं नियमांत कुठेही म्हटलेलं नाही. कर्ज देताना दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला शोध अहवाल फायलीत असतो आणि ‘ज्ञात’ म्हणजे तेवढंच. न विचारणाऱ्याला काही ज्ञात होत नाही, आणि न विचारल्याबद्दल शिक्षाही नाही. बँकेच्या शाखेवर वसुलीचं ओझं असतं हे मान्य करूनही, या व्यवस्थेत अज्ञान फायद्याचं ठरतं हे नाकारता येत नाही.

२०१६ च्या दुरुस्तीने ई-लिलावाला नियमांत नावानिशी जागा मिळाली आणि नोटीस संकेतस्थळावर टाकणं बंधनकारक झालं. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारी बँकांचं सामाईक पोर्टल आलं. २०२५ च्या सुरुवातीला ते नव्या नावाने, नव्या रूपात पुन्हा उघडलं. नकाशा, फोटो, शोधायची सोय सगळं सुधारलं, पण बोजाचा रकाना होता तसाच राहिला.

आता तो मुख्य शब्दप्रयोग. ‘जे आहे जेथे आहे’ हा मूळचा मालाच्या विक्रीतला. भंगार, जुनी यंत्रं, जप्त केलेला माल विकताना विक्रेता सांगतो की वस्तू आहे तशी आणि पडली आहे तिथून उचलून न्यायची, नंतर गंज दाखवायला यायचं नाही. तो बोलतो वस्तूच्या भौतिक अवस्थेबद्दल. फ्लॅटला तो लावला तर गळकं छत, उखडलेल्या लाद्या, चोरीला गेलेले नळ यांची तक्रार चालणार नाही, इतकं समजण्यासारखं आहे. पण मालकी हक्कातला दोष, आत बसलेला भाडेकरू, आधीच्या मालकाचं वीजबिल, महापालिकेचा कर हेसुद्धा ‘जे आहे’ मध्येच येतात का? न्यायालयांची उत्तरं पन्नास वर्षं हेलकावे खात आली आहेत.

१९७१ मध्ये अहमदाबादच्या एका मालमत्ता-कराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खरेदीदाराची बाजू घेतली. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०० नुसार, प्रभाराची, म्हणजे मालमत्तेतूनच देणं वसूल करायच्या हक्काची, सूचना नसताना मोबदला देऊन घेणाऱ्यावर तो प्रभार लादता येत नाही, आणि कर थकला असणार हे प्रत्येक खरेदीदाराला ठाऊकच असतं असं गृहीत धरता येत नाही. नव्वदच्या दशकात लंबक दुसरीकडे गेला. दिवाळखोर कंपनीची मालमत्ता अधिकृत परिसमापक ‘आहे तशी’ विकतो तेव्हा तो हक्काची हमी देत नाही, खात्री खरेदीदाराने करून घ्यायची, असं ठरलं. २००९ मध्ये पुन्हा अशाच परिसमापनातल्या विक्रीत पालिकेची जुनी थकबाकी नव्या मालकाच्या माथी मारायला न्यायालयाने नकार दिला.

विजेचा प्रवास वेगळा झाला. १९९५ चा निकाल सांगतो की आधीच्या ग्राहकाची थकबाकी लिलावात घेणाऱ्याकडून वसूल करता येणार नाही. २००८ पासून त्याला मुरड पडली: थकबाकी वसूल करता येत नसेल, पण ती भरल्याशिवाय नवी जोडणी देणार नाही अशी अट वैध मार्गाने घातलेली असेल तर चालेल. २०२० मध्ये नोटिशीत वीजबिलाचा स्पष्ट उल्लेख असलेल्या प्रकरणात खरेदीदारालाच ते भरावं लागलं. आणि १९ मे २०२३ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने एकोणीस प्रकरणं एकत्र घेऊन विषय बराचसा मिटवला. थकबाकी आपोआप जागेवरचा प्रभार होत नाही, पण राज्याच्या पुरवठा संहितेत, म्हणजे वीजपुरवठ्याच्या नियमांत, तशी तरतूद असेल तर नव्या मालकाकडे ती मागता येते, आणि ‘जे आहे जेथे आहे’ हे शब्द म्हणजे बोली लावणाऱ्याला दिलेली पूर्वसूचनाच आहे. खरेदीदारांना दिलासा मिळाला तो एवढाच, की त्यांनी जोडणीसाठी अर्ज केल्या तारखेपासूनचं व्याज माफ झालं.

म्हणजे भंगारच्या गंजासाठी केलेला शब्दप्रयोग दायित्वाची सूचना होऊन बसला. इथे आमचा आक्षेप आहे. सूचना म्हणजे काहीतरी सांगणं. प्रत्येक नोटिशीत, प्रत्येक मालमत्तेसाठी तेच तीन तुकडे छापल्यावर त्यातून या विशिष्ट फ्लॅटबद्दल काय कळतं? काही उच्च न्यायालयांनी, ज्ञात दोष दडवायला हे शब्द ढाल म्हणून वापरता येणार नाहीत असं म्हटलं आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ विक्रेत्याने लपलेला दोष सांगितलाच पाहिजे असं सांगतं, पण बँक त्या अर्थाने ‘विक्रेता’ आहे का, यावर एकमत नाही.

महाराष्ट्रापुरती एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. राज्याच्या २०२१ च्या वीजपुरवठा संहितेत आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडे जाते खरी, पण वारस सोडून इतरांच्या बाबतीत ती जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या बिलापुरती. बंद पडलेल्या कारखान्याचं चार वर्षांचं बिल हातात ठेवलं गेलं, तर आधी ही मर्यादा दाखवायची.

विक्रीकर आणि जीएसटी विभागाचा दावा हा आणखी एक अडथळा. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत किंवा सोसायटीकडे आलेल्या पत्रात तो अचानक दिसतो. सरफेसी कायद्याच्या २४ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या कलम २६ई नुसार सेरसाईकडे, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदणीकडे, नोंद केलेल्या तारण धनकोला सरकारी करांच्याही आधी प्राधान्य आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ते मान्य केलं, मात्र त्या तारखेआधीच रीतसर जप्ती आणि उद्घोषणा झाली असेल तर हे प्राधान्य लागू होणार नाही असंही सांगितलं. म्हणून बँकेला ‘प्राधान्य आहे का’ एवढं विचारणं पुरेसं नाही. सेरसाईवरच्या नोंदीची तारीख आणि कर विभागाच्या जप्तीची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघावं लागतं.

जाहिरातीतलं वर्णन दिशाभूल करतं ते बहुधा खोटं बोलून नव्हे, अर्धवट बोलून. चार जागा नेहमीच्या.

पहिली ताब्याची. ‘सांकेतिक ताबा’ म्हणजे दारावर नोटीस चिकटवली आहे, कर्जदार आत राहतो आहे. बँक या अवस्थेतही विकू शकते. प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्यात ३० दिवस, वाढवून ६० दिवसांची मुदत आहे, पण प्रत्यक्षात तारीख, पोलीस बंदोबस्त आणि कर्जवसुली न्यायाधिकरणातली स्थगिती यांत वर्ष सहज जातं. बोलीदाराचे पैसे मात्र पंधरा दिवसांत गेलेले असतात.

दुसरी क्षेत्रफळाची. एकाच फ्लॅटचा चटई ४८०, बिल्टअप ५७६ आणि सुपर बिल्टअप ७२० चौरस फूट असू शकतो. राखीव किंमत ६० लाख असेल तर ७२० ने भागून दर ८,३३३ रुपये निघतो, ४८० ने भागून १२,५००. नोटिशीत नुसतं ‘७२० चौ. फू.’ असेल तर मूळ नोंदणीकृत करारनामा मागवून त्यातला आकडा घ्यावा. मूल्यांकन अहवालातला घेऊ नये, तो बऱ्याचदा कर्जाच्या अर्जावरूनच उतरवलेला असतो.

तिसरी जागा जोडफ्लॅटची. कर्जदाराने ३०१ आणि ३०२ मधली भिंत पाडून एकच घर केलेलं असतं, स्वयंपाकघर ३०२ मध्ये जातं, आणि तारण असतो फक्त ३०१. फोटो मात्र सगळ्या घराचे टाकलेले. पाहणीला गेल्यावर दिवाणखाना प्रशस्त वाटला, तर सोसायटीकडून मजल्याचा मंजूर नकाशा मागावा आणि शेजारच्या क्रमांकाचं भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) कोणाच्या नावे आहे ते विचारावं.

चौथी जमिनीची. ‘गट क्रमांक अमुक, क्षेत्र ४० आर’ एवढंच लिहिलेलं असतं, पण सातबाऱ्यावर ते भोगवटादार वर्ग-२ निघतं, म्हणजे हस्तांतरणाला परवानगी आणि नजराणा आला. किंवा ते ४० आर सामाईक गटातला अविभाज्य हिस्सा निघतो, मोजणी न झालेला, कुठल्या बांधापासून कुठपर्यंत हे कोणालाच न सांगता येणारा. औद्योगिक वसाहतीतला किंवा सिडकोचा भूखंड भाडेपट्ट्याचा असतो आणि हस्तांतरण शुल्क खरेदीदाराकडे येतं.

शोध कुठे घ्यायचा? नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ (इंडेक्स टू), म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, मोफत पाहता येते. पण एक फट आहे. महाराष्ट्रात हक्कपत्रं ठेवून केलेल्या गहाणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे दाखल करणं १ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. त्याआधीचं तसं गहाण सूचीत दिसेलच असं नाही, म्हणून सेरसाईचा शोध वेगळा घ्यावा. त्याच कारणाने मूळ करारनामा, साखळीतले आधीचे करार आणि भागपत्र मुळात बँकेच्या ताब्यात आहेत की झेरॉक्सवर कर्ज दिलं गेलं, हे पाहणीच्या दिवशीच डोळ्यांनी बघून घ्यावं.

हे सगळं बोलीच्या आधी करायचं, कारण नंतरचे रस्ते अलीकडच्या दोन निकालांनी कर्जदार आणि खरेदीदार दोघांसाठीही अरुंद केले आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये नवी मुंबईतल्या, १०५ कोटींवर बोली गेलेल्या मालमत्तेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की कर्जदाराचा सोडवून घेण्याचा हक्क संपतो. हे खरेदीदाराच्या पथ्यावर पडलं. फेब्रुवारी २०२४ चा निकाल मात्र उलटा बसतो. उरलेली ७५ टक्के रक्कम मुदतीत न भरल्यास सरफेसीच्या नियम ९(५) खाली आधीचे २५ टक्के जप्त होतात, आणि बँकेचं नुकसान किती झालं याचा हिशेब त्यात लागत नाही. अपवाद आहे, पण खरेदीदाराचा काही दोष नसताना पैसे भरणं अशक्य झालं असेल अशा विरळ प्रकरणांपुरता. ६० लाखांच्या फ्लॅटमध्ये ते २५ टक्के म्हणजे १५ लाख. कर्ज घेऊन भरणाऱ्यांची इथे हमखास अडचण होते: ताबा सांकेतिक असला तर दुसरी बँक कर्ज द्यायला हात आखडते, आणि पंधरा दिवस निघून जातात. मुदतवाढ लेखी मिळू शकते, जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंत. तोंडी आश्वासनाला किंमत नाही.

उपाय एकच, आणि तो फारसा कोणी करत नाही. इअर भरण्याआधी प्राधिकृत अधिकाऱ्याला ईमेलने चार प्रश्न विचारावेत: ताबा कोणता, न्यायाधिकरणात अर्ज प्रलंबित आहे का, सोसायटी, वीज आणि मालमत्ता कराची थकबाकी किती, कर विभागाची जप्ती आहे का. उत्तर आलं तर ती माहिती ‘ज्ञात’ झाली. नाही आलं, तरी विचारल्याचा पुरावा राहिला. नियम ९(१०) नुसार विक्री प्रमाणपत्रावर मालमत्ता ज्ञात बोजापासून मुक्त विकली की बोजासह, हे लिहावं लागतं. तो मजकूर बऱ्याचदा कोरा किंवा दोन्ही पर्याय तसेच ठेवून हातात येतो. नको असलेला पर्याय खोडून अधिकाऱ्याची तिथे सही झाल्याशिवाय प्रमाणपत्र नोंदणीला नेऊ नये.