विश्वासाने नीतिमान ठरणे

विश्वासाने नीतिमान ठरणे : ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक मूलभूत सिद्धांत. पापी माणूस स्वतःच्या पुण्याईवर नव्हे, तर देवाच्या कृपेने, येशू ख्रिस्तावरील विश्वासामुळे देवासमोर निर्दोष ठरतो आणि त्याचा देवाशी तुटलेला संबंध पुन्हा जुळतो, असे हा सिद्धांत सांगतो. ‘तारण’ ही याहून व्यापक संकल्पना असून नीतिमान ठरणे हा तिचा एक भाग आहे. मोक्षाशी तिची सांगड घालणे मात्र चुकीचे ठरेल. जन्ममरणाचा फेरा इथे गृहीतच धरलेला नाही. प्रश्न आहे तो न्यायनिवाड्याचा.

नव्या करारातील (बायबलचा येशूनंतर लिहिलेला भाग) मूळ ग्रीक क्रियापद ‘दिकाइओओ’ हे न्यायसभेतले आहे. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकात (25:1) न्यायाधीशांनी निर्दोषाला निर्दोष आणि दोषीला दोषी ठरवावे असे म्हटले आहे. तिथल्या जुन्या ग्रीक भाषांतरात हेच क्रियापद येते. निकालाने माणसाचा दर्जा ठरतो, स्वभाव बदलत नाही. लॅटिनमध्ये त्याचे ‘इउस्तिफिकारे’ झाले. या शब्दाची फोडच ‘नीतिमान’ अधिक ‘करणे’ अशी आहे. लॅटिनमध्ये विचार करणाऱ्या ऑगस्टीन या धर्मशास्त्रज्ञाने (354–430) त्याचा अर्थ ‘नीतिमान बनवणे’ असा घेतला आणि पश्चिमेकडील चर्चमध्ये तोच रुजला. ठरणे की बनणे, या एका क्रियापदावर पुढे सोळाव्या शतकात युरोपातले चर्च दुभंगले. मराठी बायबलने ‘ठरणे’ घेतले, ते ग्रीकला जवळचे आहे. ‘नीतिमान’ हे विशेषण मात्र वाचकाला चकवते. रोजच्या बोलण्यात नीतिमान म्हणजे सचोटीने वागणारा. इथे तर तसा न वागलेल्याच्या बाजूने निकाल लागतो.

पहिल्या शतकातील प्रेषित पौलाने ही मांडणी केली ती जेवणाच्या पंगतीवरून पेटलेल्या वादात. अंत्युखिया या शहरात येशूचा शिष्य पेत्र यहुदीतर ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत असे, पण यरुशलेमहून माणसे येताच तो बाजूला झाला (गलती 2). यहुदीतरांनी सुंता करून मोशेचे नियमशास्त्र पाळल्याशिवाय ते देवाच्या लोकांत गणले जाणार नाहीत का, हा मूळ मुद्दा. उत्तरासाठी पौल यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्याकडे जातो. उत्पत्ती 15:6 नुसार अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते त्याचे नीतिमत्त्व गणले गेले. ‘गणणे’ यासाठीचा ग्रीक शब्द हिशेबाच्या वहीतला. मजुराला मिळते ते त्याचे येणे असते, मेहेरबानी नव्हे. अब्राहामाच्या नावावर जमा झाले ते न कमावलेले (रोम 4:4–5). शिवाय सुंतेची आज्ञा उत्पत्तीच्या 17 व्या अध्यायात येते, म्हणजे निकाल आधी आणि खूण नंतर. पौलाचा सारा युक्तिवाद या क्रमावर उभा आहे. एड पी. सँडर्स यांच्या 1977 मधील संशोधनानंतर अनेक अभ्यासक पौलाच्या लेखनातील ‘कर्मे’ म्हणजे सर्वसाधारण सत्कृत्ये नसून सुंता, खाण्याचे निर्बंध, शब्बाथ अशा यहुदी ओळखीच्या खुणा असे मानू लागले. पंगतीचा संदर्भ पाहता या मताला चांगलाच आधार आहे, मात्र रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय तेवढ्यात बसत नाही, कारण तिथे मजुरी आणि कमाईची भाषा आहे.

प्रॉटेस्टंट (सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चपासून वेगळ्या झालेल्या) पंथांच्या धर्मशास्त्रात विश्वासाची तीन अंगे मानतात : माहिती, संमती आणि भरवसा. पहिल्या दोन अंगांवर थांबणे ही नेहमीची चूक. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे सुमारे आठ वर्षांनी उमगल्याचे त्यांनी पुढे लिहिले. दुसरी चूक याच्या उलट दिशेची. माणूस आपला विश्वास पुरेसा घट्ट आहे का, हे चाचपत बसतो आणि मग विश्वास हेच एक कमवायचे पुण्य होऊन बसते. 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचा (प्रॉटेस्टंट धर्मशिक्षणाची पुस्तिका) 61 वा प्रश्न नेमका यासाठी आहे : विश्वासाच्या योग्यतेमुळे देव मला स्वीकारत नाही, विश्वास हे केवळ घेण्याचे साधन. धर्मसुधारक कॅल्व्हिनने त्याला रिकाम्या भांड्याची उपमा दिली.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या मते ख्रिस्ताचे नीतिमत्त्व पाप्याच्या नावे लावले जाते, म्हणून विश्वासणारा एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. 1522 च्या जर्मन भाषांतरात त्याने रोम 3:28 मध्ये ‘केवळ’ हा मुळात नसलेला शब्द घातला आणि टीका ओढवून घेतली. गंमत अशी, की ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द नव्या करारात एकदाच येतात आणि तेही नाकारण्यासाठी (याकोब 2:24). याकोबाचा रोख निव्वळ संमतीवर आहे. भुतेही देव एकच आहे असे मानतात, हे त्याचे उदाहरण. कृपा मिळाली, आता आज्ञा कशाला, असे म्हणणारे ल्यूथरच्या हयातीतच निघाले आणि त्याला त्याचाच सहकारी योहान आग्रिकोला याच्याशी वाद घालावा लागला.

कॅथलिक चर्चने ट्रेंट येथील धर्मपरिषदेच्या सहाव्या सत्रात, 13 जानेवारी 1547 रोजी, 16 प्रकरणे आणि 33 नियमांचा ठराव केला. त्यानुसार आरंभ कृपेचाच. तिच्या साहाय्याने माणूस ऐकून श्रद्धा ठेवतो, न्यायाच्या भयातून आशेकडे वळतो, देवावर प्रेम करू लागतो, पापाचा तिटकारा करतो आणि बाप्तिस्मा घेण्याचे ठरवतो. बाप्तिस्म्यात पापक्षमेबरोबर अंतःकरणाचे नूतनीकरणही होते आणि ते पुढे वाढू शकते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चला हा वाद फारसा शिवला नाही. तिथे भर देवसारूप्यावर, म्हणजे कृपेने देवाच्या जीवनात सहभागी होण्यावर, आहे.

31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. देव आपल्याला स्वीकारतो तो आपल्या योग्यतेमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, यावर दोघांचे एकमत नोंदले गेले. मेथडिस्ट 2006 मध्ये आणि रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या परंपरेतील) चर्चेस 2017 मध्ये त्यात सामील झाल्या. आचरणातला फरक मात्र कायम आहे. गंभीर पाप घडले तर कॅथलिक माणूस धर्मगुरूपुढे कबुली देतो (गोव्यात तिला कुमसार म्हणतात), पापमुक्तीचे वचन ऐकतो आणि नेमून दिलेले प्रायश्चित्त करतो. प्रॉटेस्टंट मंडळीत बहुतेक ठिकाणी रविवारच्या उपासनेत सगळे मिळून पापांगीकार करतात आणि पाळक क्षमेचे वचन वाचून दाखवतो.